टाकून दिलेली पत्ती

अकरावीच्या प्रात्यक्षिकाला कांदा लागतो. जीवशास्त्र शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, म्हणजे तितके पावसाळे मी प्रयोगशाळेसाठी घरच्या पिशवीतून कांदे नेले. मुलं कांदा चिरतात, आतल्या मांसल पाकळीचा ओला पापुद्रा चिमट्याने सोलतात, काचपट्टीवर पसरतात, वर आयोडीनचा थेंब टाकतात आणि विटांच्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या पेशी वहीत काढतात. बाहेरची सुकी, लालसर, कागदासारखी पत्ती मात्र टेबलाखालच्या डब्यात जाते. सत्तावीसपैकी एकवीस वर्षं मीही मुलांना तेच सांगितलं : वरचं टाका, आतलं घ्या.

एकदा तास संपल्यावर टेबल आवरताना एका ओल्या काचपट्टीला अशीच एक पत्ती चिकटून राहिलेली दिसली. झटकून टाकण्याआधी सहज डोळा लावला. पेशी रिकाम्या होत्या, केव्हाच मेलेल्या. पण जवळजवळ प्रत्येकीत एक स्फटिक होता. लांबट, कडा तासल्यासारखा, पारदर्शक. कुठे दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडलेले. कॅल्शियम ऑक्झलेटचे ते स्फटिक मी पुस्तकातून वाचले होते, फळ्यावर काढून शिकवलेही होते. पाहिले नव्हते. आणि ज्यात ते होते ती वस्तू मी दरवर्षी शंभर-सव्वाशे मुलांना डब्यात टाकायला लावत होतो.

या पुस्तकाची सुरुवात त्या डब्यातून झाली. पुढच्या सहा वर्षांत मी आणि माझ्या काही विद्यार्थ्यांनी जे जे सोललं, खरवडलं, गळून पडलेलं उचललं, त्याची ही चित्रं आहेत. सगळी वरच्या थरांची. आत काय आहे ते सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, म्हणून हे त्यांच्या वाट्याला जात नाही.

वरच्या थरांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. आंब्याची साल, शेंगेचं टरफल, भाताचं तूस, गव्हाचा कोंडा, नारळाचं सोडण आणि त्याखालची करवंटी, माशाचे खवले, सापाची कात, झाडाची ढलपी, जखमेवरची खपली. टरफल हा शब्द तर टिळकांच्या शाळेतल्या गोष्टीमुळे मुलांना अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक होतो. शब्द इतके नेमके आहेत, कारण हे थर काढणारे हात रोज कामात होते. ज्याला नारळ सोलायचा आहे त्याला सोडण आणि करवंटी एकच म्हणून चालत नाही. पण यादी पुन्हा वाचली की लक्षात येतं, यातली बहुतेक नावं टाकून द्यायच्या वस्तूंची आहेत. ‘फोलपट’ म्हणताना आपण वस्तूचं नाव आणि तिची किंमत एका दमात सांगून मोकळे होतो.

संतांनीही वरवरच्या रूपाला भुलू नका असंच शिकवलं. चोखोबांनी त्यासाठी वाकड्या उसाचा दाखला दिला, तो सगळ्यांना पाठ आहे. उपदेश माणसांविषयीचा होता आणि माणसांच्या बाबतीत तो खरा आहे. उसाची बाजू मात्र मांडायची राहून गेली. उसाच्या पेरांजवळ पांढरी भुकटी दिसते, ती नखाने खरवडून भिंगाखाली धरा. धूळ वाटते, पण ते मेण असतं : बारीक, टोकाशी वळलेले, एकाला एक लागून उभे राहिलेले मेणाचे तंतू. ज्या रसाची थोरवी आपण गातो तो उन्हातान्हात कांडीत टिकून राहतो, त्यात या भुकटीचाही वाटा आहे.

पेशीचा इतिहासही एका सालीपासूनच सुरू होतो म्हटलं तर फारसं चूक नाही. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. धारदार चाकूने त्यांनी बुचाचा एक पातळ काप काढला आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरं पाहिली. त्या घरांना त्यांनी ‘सेल’ म्हटलं. आपण आज पेशी म्हणतो. एका घन इंचात अशी किती घरं असतील याचा हिशेब करून त्यांनी आकडा दिला तो सुमारे १२६ कोटींचा, आणि यावर कोणाचा विश्वास बसणार नाही अशी शंकाही त्यांना आली. बूच म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका ओक वृक्षाची साल. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल उतरवतात, मग दर नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत; ते पुन्हा साल धरतं. जीवशास्त्राच्या मूळ घटकाला नाव मिळालं ते असं एका झाडाच्या मेलेल्या पांघरुणावरून. हूक यांनी त्याच पुस्तकात माशाचे खवले, पक्ष्याचं पीस आणि खाजरी पानावरचा काटाही काढला आहे. त्यांचा ओढा वरच्या थरांकडे होता असं मला वाटतं, पण हा कदाचित माझाच हावरेपणा असेल.

आता अळवाकडे वळतो, कारण या पुस्तकातली सर्वात जास्त पानं अळवाने घेतली आहेत.

क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचं पाणी’ म्हणतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्यात राहून न भिजणारं कमळाचं पान येतं, ते अलिप्ततेच्या दाखल्यासाठी. म्हणजे हे दृश्य आपल्याकडे दोन-अडीच हजार वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण आपण थेंबाकडे पाहिलं, थेंबावरून आयुष्याचा विचार केला, आणि पानाला तसंच सोडून दिलं. पान काय करतं हे विचारलं ते बॉनच्या विल्हेल्म बार्टलॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तेही आडवाटेने. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते हजारो पानांचे पृष्ठभाग तपासत होते. एक कटकट रोजचीच होती : गुळगुळीत पानं आधी धुवून घ्यावी लागत, नाहीतर चित्रात धूळच धूळ. खडबडीत पानं मात्र धुवावी लागत नसत. ती आपली आपणच स्वच्छ असत. खरं तर याच्या उलट असायला हवं होतं. खडबडीत फरशीवर मळ बसतो हे आपल्याला घर पुसताना कळलेलंच असतं. या उलटेपणाचा पाठपुरावा त्यांनी क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्याबरोबर केला आणि १९९७ साली कमळाच्या पानावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

युक्ती दुहेरी आहे. पानाच्या वरच्या प्रत्येक पेशीला एक उंचवटा असतो, कमळात साधारण १० ते २० मायक्रोमीटर उंचीचा. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. या उंचवट्यांवर पुन्हा मेणाच्या अतिबारीक नळ्या उगवलेल्या असतात. पाण्याचा थेंब या नळ्यांच्या टोकांवर टेकतो आणि त्याच्या खाली हवा अडकून राहते. थेंब खरं तर पानावर कमी आणि हवेवर जास्त बसलेला असतो. त्याला पसरायला जागाच सापडत नाही, म्हणून तो गोल राहतो, आणि पान जरा कललं की घरंगळतो. घरंगळताना वाटेतली धूळ, बुरशीचे बीजाणू अंगाला लावून घेऊन जातो. अळूचं आणि कमळाचं या बाबतीत एकच घराणं म्हणायचं, नातं फार दूरचं असलं तरी. हीच युक्ती वापरून १९९९ साली जर्मनीत ‘लोटुसान’ नावाचा बाहेरच्या भिंतींना द्यायचा रंग बाजारात आला.

अळवावर पाणी टिकत नाही याचं आपण वाईट मानलं. पानाच्या बाजूने पाहिलं तर पाणी टिकलं असतं तरच वाईट होतं. चार महिने पाऊस अंगावर घेणाऱ्या, ओढ्याकाठी वाढणाऱ्या झाडाच्या पानावर पाणी साचून राहिलं तर पहिल्यांदा बुरशी धरेल, आणि श्वासाची रंध्रंही बुजतील.

सगळ्या चित्रांवर काम करताना एक गोष्ट माझ्या मनात घट्ट होत गेली, ती इथेच सांगतो. आपण आवरणाला भिंत समजतो. गढी, तट, चिलखत अशा उपमा आपल्याला पटकन सुचतात. पण सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा त्यांच्यापुढे नुसतं अंग झाकण्याचा प्रश्न नव्हता. झाकलं नाही तर सुकून मरायचं, आणि पुरतं झाकलं तर हवेवाचून मरायचं. बहुतेक पानांवरचा मेणाचा थर केसाच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ असतो, आणि त्यात रंध्रं असतात, उघडझाप होणारी. म्हणून मी हल्ली कुठलीही साल, कवच, कातडी पाहिली की आधी तिची भोकं शोधतो. आवरणाची पारख त्याच्या जाडीवरून करू नये, ते काय जाऊ देतं आणि काय अडवतं यावरून करावी. पुढचं सगळं पुस्तक या एका वाक्याचा विस्तार आहे, आणि ज्याला ते पटणार नाही त्याने चित्रं पाहून आपला निवाडा करावा.

भोकं नसलेल्या आवरणाचं काय होतं? ते वाट पाहतं. चीनच्या लिआओनिंग प्रांतात एका सुकलेल्या तळ्याच्या मातीतून कमळाच्या बिया मिळाल्या; त्यांतली एक सुमारे १,३०० वर्षांची होती आणि ती रुजली. जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९५ साली प्रसिद्ध केलं. जे झाड पानावर पाणी टिकू देत नाही तेच बीमध्ये पाणी शिरू देत नाही. जपमाळेत ओवलेली कमळबी कित्येक वर्षं हातात फिरते आणि तशीच राहते. घरच्या कुंडात कमळ लावणारे लोक बी आधी कानशीवर किंवा खरखरीत दगडावर घासून घेतात. तेवढं एक खिंडार पडलं की चार दिवसांत कोंब येतो.

आवरणाला खिंडार पाडण्याची ही कला आपल्याला फार चांगली येते, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही. तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याचं उदाहरण घ्या. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी झाक असते. बाजारात लोक औषधाची फवारणी समजून ती चोळचोळून धुतात, पण बहुतांशी ते मण्याचं स्वतःचं मेण असतं. सपाट, एकमेकांवर चढलेल्या चकत्या असतात त्या, कौलांसारख्या. मण्यात पाणी भरपूर आणि बाहेर मार्चचं ऊन, तरी तोडलेला मणी लवकर सुकत नाही तो या कौलांमुळे. बेदाणा करणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. म्हणून घड सुकत टाकण्याआधी द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली ‘डिपिंग ऑइल’, म्हणजे इथाइल ओलिएट. साल फाटत नाही, मणी फुटत नाही. मेणाच्या चकत्यांची घडी मात्र विस्कटते, आणि पाण्याला वाट मिळते. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत दोन आठवड्यांच्या आसपास माल तयार होतो.

मला यात सर्वात गंमत वाटली ती पोटॅशियम कार्बोनेटची. ते लाकडाच्या राखेत असतं. भूमध्य समुद्राकाठचे लोक द्राक्षं वाळवण्याआधी राखेच्या निवळीत तेल घालून त्यात बुडवत असत. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या रोमन शेतीलेखकाने ही रीत लिहून ठेवली आहे. म्हणजे तासगावच्या शेडमधलं द्रावण त्या राखेचंच शुद्ध केलेलं रूप झालं.

आणि राख म्हटलं की मला आजीची कणगी आठवते. ती वाल, चवळी, मूग राखेत घोळवून ठेवायची. का, असं विचारलं की म्हणायची, “भुंगा धरत नाही.” एवढं उत्तर तिला पुरेसं होतं. मला ते कळायला व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांचा १९४५ सालचा निबंध वाचावा लागला. कीटकाच्या कवचावरही मेणाचा अतिशय पातळ थर असतो, आणि कीटक सुकून मरत नाही तो त्याच्यामुळे. इतक्या लहान जीवाला आतल्या पाण्याच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा पडतो. पाणी गेलं की गेलंच. विगल्सवर्थ यांनी दाखवलं की टोकदार बारीक कणांच्या भुकटीत कीटक वावरला तर तो थर खरवडला जातो आणि त्याचं पाणी भराभर उडून जातं. राखेतला भुंगा विषाने मरत नाही. तो तहानेने मरतो. आजीने त्याच्या पांघरुणाला भोक पाडलेलं असतं. द्राक्षाचं पाणी काढायला राखेची निवळी, भुंग्याचं पाणी काढायला कोरडी राख. हे दोन्ही एकाच शास्त्राचे धडे आहेत असं कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला कधी एकत्र वाचायला मिळालं नाही, म्हणून पुस्तकात द्राक्ष आणि कडधान्यातला भुंगा समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत. छपाई करणाऱ्यांना वाटलं, पानांची अदलाबदल झाली.

अंड्याबद्दल थोडक्यात. कोंबडीच्या अंड्याच्या कवचात ७,००० ते १७,००० छिद्रं असतात. एकवीस दिवस आतलं पिल्लू त्यांतून प्राणवायू घेतं आणि वाफ बाहेर टाकतं. ताज्या अंड्यावर एक पातळ लेप असतो, तो या छिद्रांवर झाकणासारखा बसतो. अंडं धुतलं की लेप जातो, म्हणून धुतलेलं अंडं फ्रीजमध्येच ठेवावं. गावठी अंडी विकणाऱ्या बाई ती नुसती फडक्याने पुसतात. त्यांचं बरोबर आहे.

आवरण फोडायला किंवा चुकवायला शत्रू काय काय करतात हा प्रकरण तीनचा विषय आहे, आणि तो लिहिताना मला गुन्ह्यांच्या कथा लिहिल्यासारखं वाटलं. भातावरचा करपा कोकणातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्या बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर पडतो, एक नळी काढतो, आणि नळीच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी तयार करतो. घुमटाच्या भिंतीत मेलॅनिन भरतो. आपल्या कातडीतल्या रंगद्रव्याच्याच कुळातलं हे रंगद्रव्य. मग आत ग्लिसरॉल साठवून पाणी ओढून घेतो आणि दाब वाढवत नेतो. हा दाब ८ मेगापास्कलपर्यंत मोजला गेला आहे, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सुमारे ४० पट. त्या जोरावर घुमटाच्या तळातून निघालेली खुंटी पानाचं मेण आणि भिंत सरळ भोसकून आत जाते. मेलॅनिन नसेल तर घुमटाला हा दाब धरता येत नाही. दुकानात मिळणारं ट्रायसायक्लॅझोल नेमकं ते मेलॅनिन बनू देत नाही. बुरशी जिवंत राहते, पण तिची पहार बोथट होते.

तांबेऱ्याची तऱ्हा निराळी. तो भिंतीच्या वाटेला जात नाही, दार शोधतो. त्याच्या बीजाणूची नळी पानावर चाचपडत सरकते आणि पर्णरंध्राच्या ओठाचा उंचवटा लागला की थांबते. घेवड्यावरच्या तांबेऱ्यावर १९८७ साली झालेल्या प्रयोगात पान नव्हतंच. प्लास्टिकवर नुसते उंचवटे कोरले होते. सुमारे अर्धा मायक्रोमीटर उंचीच्या कडेवर बुरशी थबकली, दार सापडलं असं समजून आत शिरायची तयारी करू लागली. आंधळ्याने घराचा उंबरठा पायाने ओळखावा तसं हे आहे. महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यासाठी, म्हणजे याच तांबेऱ्यासाठी, एक स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तिकडे फिरायला जाणारे लोक स्ट्रॉबेरी खाऊन परत येतात.

झाडंही गप्प बसत नाहीत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामाच्या गावी कुंपणावर लटकलेल्या सोनेरी, मखमली शेंगा पाहिल्या आणि दोन्ही हातांनी ओढून घेतल्या. खाजकुहिली होती. पुढचा तासभर मी अंगणात नाचत होतो असं मामी अजून सांगते. तिने कोपरापर्यंत शेण थापलं आणि ते वाळल्यावर खरवडून काढलं. त्याबरोबर बरेचसे केस निघून आले असावेत. मखमल म्हणजे तेच केस. भिंगाखाली प्रत्येक केस भाल्यासारखा दिसतो, टोक इतकं बारीक की कातडीत गेलेलं कळत नाही. खाज नुसत्या टोचण्याची नसते. केसात म्युकुनाइन नावाचं प्रथिन कापणारं विकर असतं, हे १९५५ साली दाखवलं गेलं. आणि ही खाज अंगावर पित्त उठल्यावर घेतात त्या नेहमीच्या गोळीला दाद देत नाही, कारण तिची वाट हिस्टामिनची नाही. खाजेचे मज्जातंतू एकापेक्षा जास्त आहेत हे समजून घ्यायला संशोधक आजही याच शेंगेचे केस वापरतात. शेंगेच्या वरची लव आतल्या बियांपेक्षा जास्त शिकवून गेली.

फणसाचा काटा हा प्रकार वेगळा. तो टोचायला उगवलेला नसतो. फणस म्हणजे शेकडो फुलांचं एकत्र जोडलेलं फळ, आणि वरचा प्रत्येक काटा म्हणजे त्यातल्या एका फुलाचा शेंडा. बाहेरून काटेरी आणि आतून गोड अशा माणसाला आपण फणस म्हणतो, तेव्हा काटेही फुलांचेच आहेत हे माहीत नसतं.

साप कात टाकतो तेव्हा डोळ्यांवरचे चष्मेही टाकतो. सापाला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि कात उलटी होत निघताना तोही तिच्याबरोबर निघतो. कात टाकण्याआधी काही दिवस साप आंधळा झाल्यासारखा वाटतो, कारण जुन्या आणि नव्या खवल्यामध्ये द्रव साचून डोळा दुधाळ होतो. संस्थेने, गावाने, भाषेने कात टाकली असं आपण सहज लिहितो. त्या आधीचे आंधळे दिवस मात्र या वाक्प्रचारातून गळले. आमच्या पुस्तकात एका धामणीच्या कातीचं चित्र आहे. त्यात ते दोन चष्मे शाबूत आहेत. ती कात शेजाऱ्यांच्या लाकडाच्या मोळीत मिळाली.

आपल्या कातडीला मी फार जागा दिलेली नाही. एक मात्र सांगतो. पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, त्या कातडी भिजून फुगल्यामुळे असं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. बोटाचा मज्जातंतू तुटलेला असेल तर त्या पडत नाहीत, हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. म्हणजे सुरकुत्या शरीर मुद्दाम पाडतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ही दुरुस्ती कृपया नोंदवून घ्यावी. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या ही निराळी गोष्ट. तिथे खरोखरच वरचा थर भिजून हरलेला असतो आणि बुरशी आत घुसलेली असते.

शेवटचं प्रकरण खवल्यांचं आहे. मुशीच्या अंगावरून शेपटाकडून डोक्याकडे हात फिरवला तर काचकागद लागतो. तिचे खवले घडणीने दातच आहेत : आत मगज, वर दंतद्रव्य, त्यावर कठीण टोपी. खवले मांजराचे खवले मात्र आपल्या नखांच्या, केसांच्या जातीचे, केराटिनचे. असे खवले असलेला सस्तन प्राणी दुसरा नाही. धोका दिसला की ते पोटाकडचा मऊ भाग आत घेऊन गोळा होऊन बसतं, आणि बिबट्याच्या दातांना धरायला काही उरत नाही. लक्षावधी वर्षं हे पुरलं. माणूस आला तो दात घेऊन आला नाही, पोतं घेऊन आला. गोळा झालेलं खवले मांजर पळत नाही, चावत नाही; उचलायला त्याच्याइतकं सोपं जनावर नाही. २०१६ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला, आपल्याकडे ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. ज्या खवल्यांना औषध म्हणून किंमत येते त्यांच्यात आणि न्हाव्याच्या दुकानात झाडून टाकलेल्या केसांत मूळ द्रव्याचा फरक नाही. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने २०२० साली या प्राण्याचा ‘खवलोत्सव’ केला. या पुस्तकातलं खवल्याचं चित्र एका संग्रहातल्या जुन्या नमुन्याचं आहे. खवला विकत घेतलेला नाही, कोणी आणून देतो म्हणालं तेव्हा घेतला नाही, आणि वाचकांनीही कुठल्याही कारणाने घेऊ नये.

चित्रांविषयी दोन शब्द. बहुतेक प्रतिमा साध्या सूक्ष्मदर्शकावर मोबाइल धरून काढल्या आहेत. मेणाच्या नळ्या, केसांची टोकं अशा काही प्रतिमा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आहेत. त्या काळ्या-पांढऱ्याच असतात, आम्ही त्यांत रंग भरले नाहीत. हल्ली अशा प्रतिमा निळ्या-गुलाबी करून छापतात, मला ते पटत नाही. प्रत्येक चित्राखाली एक आडवी रेघ आहे आणि तिची खरी लांबी लिहिली आहे. तिकडे आधी पाहा, मग चित्राकडे.

वाचकाला फार सामग्री लागणार नाही. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. मुलांसाठी मनु प्रकाश यांचा कागदी ‘फोल्डस्कोप’ मिळाला तर उत्तम. तो १४० पट मोठं दाखवतो आणि खिशात मावतो. सुरुवात अळवापासून करा. पानाच्या अर्ध्या भागावर अंगठा दाबून दोन-तीनदा फिरवा, मग दोन्ही अर्ध्यांवर पाणी शिंपडा. चोळलेल्या बाजूला थेंब पसरेल आणि चिकटून बसेल. तुम्ही काय पुसून टाकलंत ते चौथ्या पानावरच्या चित्रात आहे.

जून आला की आपण मुलांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालतो. या पुस्तकाला घालू नका. ते ओट्याशेजारी ठेवा, कांदा सोललेल्या हातांनी उघडा. डाग पडले तर पडू देत.